अडतिसावी साक्ष

लातूरच्या मार्केट यार्डामागे दोन डाळ मिलच्या मधल्या गल्लीत ख्रिस्ती मंडळीचं एक छोटं मंदिर आहे. पत्र्याचं छत, नऊ खिडक्या, बावीस बाकं. डाव्या बाजूला बाया बसतात, उजव्या बाजूला पुरुष. दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी या मंडळीचा वर्धापनदिन असतो. त्या दिवशीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर एकच ओळ असायची : 'साक्ष, श्री. दयानंद सोनकांबळे'. मधल्या काळात नऊ पाळक आले आणि गेले, छापखाना बदलला, पत्रिकेचा कागद गुलाबीचा पिवळा झाला. सहावी ओळ तशीच राहिली.

प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. मंडळीत साक्षी पुष्कळ होतात. कोणाचा मुलगा परीक्षेत पास होतो, कोणाचा मुतखडा पडतो. पण दयानंदमामांची साक्ष वेगळ्या मापाची होती, आणि ते मापाडी असल्यामुळे त्यांना ते माहीत होतं.

मार्केट यार्डात त्यांनी चाळीस वर्षं मापं केली. आधी तूर आणि हरभरा, नंतर सोयाबीन. धान्याचा कट्टा काट्यावर चढायच्या आतच त्यांना त्याचं वजन समजायचं. पुढे पुढे माणूस समोर आला तरी तो त्यांना किलोतच दिसायला लागला. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण ही सवय गेली नाही.

साक्ष अशी होती. १९८५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, दयानंदमामा दारू प्यायचे आणि पत्ते खेळायचे. दिवाळीनंतरच्या एका दुपारी ते मुरुडच्या बाजाराला निघाले. खिशात काही नव्हतं. बायको सरजाबाई तापानं फणफणून अंथरुणावर पडली होती आणि तिच्या पायात माहेरचे चांदीचे तोडे होते. मामांनी ते काढायला घेतले. तिनं पाय आखडून घेतले. जवळ भरलेला पितळी तांब्या होता, तो मामांनी तिच्या कपाळावर मारला. डाव्या भुवईवर खोक पडली. तोडे मुरुडला पत्त्यांत गेले. मामा बसस्टँडवरच पडून राहिले. सकाळी सायकलवरून आलेल्या एका सुवार्तिकानं त्यांच्या हातात येशूच्या वचनांची एक पत्रिका ठेवली. ती वाचून त्यांनी तिथंच, चहाच्या टपरीसमोर, गुडघे टेकले. पुढच्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून दारूचा थेंब नाही आणि पत्त्याला हात नाही.

हे बदलणं खोटं नव्हतं. त्यानंतर मामांनी बायकोवर कधी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. पगार घरी आणला, मुलगी विशाखा हिला नर्सिंगपर्यंत शिकवलं. लोकांनी बोट दाखवावं असं पुढं काहीच घडलं नाही.

१९८७ च्या वर्धापनदिनाला त्यांनी पहिल्यांदा साक्ष दिली. ती चार मिनिटांची होती. मागच्या बाकावरून कोणीतरी, हे सगळं खरं कशावरून, असं पुटपुटलं.  मामा बायकांच्या बाजूला बघून म्हणाले, "उभी राहा, सरजा." चोवीस वर्षांच्या सरजाबाई उभ्या राहिल्या, मंडळीकडे वळल्या आणि त्यांनी पदर मागं घेतला. भुवईवरची खूण तेव्हा ताजी होती.  पुढच्या बाकावरचे एक म्हातारे उपदेशक रडले. त्या वर्षी दोन माणसांनी दारू सोडली, त्यातल्या एकानं कायमची.

त्यामुळे पुढच्या वर्षीही सरजाबाई उभ्या राहिल्या, आणि त्याच्या पुढच्याही वर्षी. चार मिनिटांची साक्ष हळूहळू बारा मिनिटांची झाली. ताप एकशे तीन झाला. थर्मामीटर त्या घरात तेव्हा नव्हता, आजही नाही. नांदेडहून, उदगीरहून, इस्लापूरच्या मे महिन्यातल्या मोठ्या मेळाव्यातून बोलावणी आली. मामा गेले की सरजाबाईंना जावंच लागायचं, कारण त्यांच्याशिवाय साक्ष पुरी होत नव्हती. इस्लापूरला मांडवात उभ्या असताना एक बाई येऊन त्यांच्या कपाळाला हात लावून गेली आणि म्हणाली, ताई, तुमची खूण लई आशीर्वादाची. सरजाबाईंनी मान हलवली. त्यांना त्या वेळी पाणी पाहिजे होतं.

वर्धापनदिनाला अशा सदतीस साक्षी झाल्या. २०२१ साली करोनामुळे वर्धापनदिन झाला नाही, नाहीतर अडतीस झाल्या असत्या.

२०२५ च्या जानेवारीत एका दुपारी सरजाबाई दारात बसून डाळ निवडत होत्या आणि मामा आतल्या खाटेवर पडल्या पडल्या वर्धापनदिनाचा विचार करत होते. मागच्या वर्षी एक अडचण लक्षात आली होती. त्यांचे जुने दोस्त संगप्पा, एसटीतले निवृत्त कंडक्टर, शेवटच्या बाकावर बसतात. ते म्हणाले होते की मागं काही दिसत नाही. सरजाबाई एकसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या. कपाळावर सुरकुत्या आल्या होत्या आणि खूण त्यांच्यात मिसळून गेली होती.

मामा म्हणाले, "यंदा पदर जरा जास्त मागं घे. सुरकुत्यांत खूण दिसंना गेली."

सरजाबाईंनी एक खडा बाजूला टाकला. "यंदा मी उभी राहणार न्हाई."

"गुडघे दुखून राहिले का?"

"न्हाई."

"मग खुर्ची ठेवायला सांगतो."

"खुर्ची नको. उभीबी राहणार न्हाई, बसणारबी न्हाई."

मामांना वाटलं, दोन दिवसांत निवळेल. तिसऱ्या दिवशी सरजाबाईंनी बॅग भरली, शेजारणीला दुधाचं सांगितलं आणि सकाळच्या गाडीनं नांदेडला विशाखाकडे निघून गेल्या. परत कधी येणार असं मामांनी विचारलं. वर्धापनदिन झाल्यावर बघू, असं त्या म्हणाल्या. आणि पुढे, जरा थांबून, पुढच्या वर्षीचाही वर्धापनदिन आहेच, असंही म्हणाल्या. या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मामांना गाडी सुटल्यावर लागला.

पहिले चार दिवस त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी संगप्पांना सांगितलं. संगप्पांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मामा, पुराव्याबिगर केस कशी चालंल? न्हाई तर तिकडंच राहू दे म्हणावं मामीला, इकडं फोटो लावू."

मामांनी फोटोचा विचार थोडा वेळ केला, हे इथे नोंदवलं पाहिजे. मग ते पाळकांकडे गेले.

मंडळीचे नवे पाळक रविकिरण चौतीस वर्षांचे होते, माहूरकडचे. येऊन आठ महिने झाले होते. मामा गेले तेव्हा ते मंदिरामागच्या नळाला सुतळी गुंडाळत होते, कारण नळ गळत होता आणि प्लंबर तीनदा येतो म्हणून आला नव्हता. मामांनी सलाम केला आणि कामाचं बोलले. पाळकांनी सरजाबाईंना फोन करावा, प्रभूच्या कामात मागं सरू नये अशा अर्थाचे दोन शब्द सांगावेत. पाळकांचं त्या ऐकतील.

रविकिरण पाळकांनी फोन करतो असंही म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. सुतळीची गाठ मारत त्यांनी विचारलं, "मामा, ही साक्ष पंच्याऐंशी सालची. त्यानंतर प्रभूनं तुमच्यात काय बदल केला?"

"त्यानंतर बदलायला काय राहिलं होतं?" मामा म्हणाले. "दारू सुटली, पत्ते सुटले."

"ते झालंच. पुढचं विचारलो मी. एकोणचाळीस वर्षं झाली."

मामा सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात नळ सुटला आणि पाळकांचा सदरा भिजला. त्यामुळे उत्तर द्यायचं राहून गेलं. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही, कारण उत्तर तयार नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि पंच्याऐंशीनंतर आपल्यात झालेले बदल लिहायला बसले. काम पद्धतशीर करायची सवय होती. सुपारी सोडली, २००३. मग आठवलं की ती दातांच्या डॉक्टरांनी सोडायला लावली होती. तराजू जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि तो आपण शिकलो. पण तो बाजार समितीचा हुकूम होता, आणि मामांनी त्या विरुद्ध अर्जही दिला होता. तिसऱ्या बाकावरून दुसऱ्या बाकावर आलो. तिसऱ्या बाकाचा पाय मोडला होता आणि सुतारानं ते दुरुस्तीला नेलं होतं. असं करत करत दुपारच्या जेवणापर्यंत कागदावर सात ओळी झाल्या आणि सातही खोडल्या गेल्या. त्यांच्यात जे काही बदललं होतं ते डॉक्टरांनी, समितीनं किंवा सुतारानं बदललं होतं.

तेव्हा त्यांना एक गोष्ट सुचली आणि ती सुचली याचा त्यांना रागच आला. यार्डातल्या काट्याची दरवर्षी पडताळणी व्हायची. वजनमापवाले साहेब यायचे, खरी वजनं ठेवून काटा तपासायचे, फरक असला तर दुरुस्त करायला लावायचे आणि त्या वर्षाचा शिक्का मारून जायचे. गेल्या वर्षीचा शिक्का दाखवून यंदा माप करता यायचं नाही. तसं करणाऱ्या एका मापाड्याला मामांनी स्वतः भर यार्डात सुनावलं होतं की बाबा, काटा वापरात असला की सरकतोच, त्यात लाजायचं काही नाही, तपासून घ्यायचं नाही म्हणतोस ही चोरी आहे.

कागद त्यांनी घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी सातच्या गाडीनं ते नांदेडला निघाले.

गाडी अहमदपूर आणि लोहा करत साडेअकराला पोचली. विशाखाचं घर तरोड्याला आहे, दोन खोल्या आणि वर गच्ची. त्या दिवशी तिला सुट्टी होती. तिनं वडिलांना पाणी दिलं, खुशाली विचारली आणि कशासाठी आलात हे विचारलं नाही. गच्चीवर उन्हात सरजाबाई नात तनुजाच्या डोक्याला तेल लावत बसल्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलं. अकरा दिवसांत दीड किलो वाढल्या होत्या.

तनुजाला शिकवणीला जायचं होतं. ती गेल्यावर मामा चटईच्या टोकाला बसले आणि त्यांनी बोलणी सुरू केली. यार्डात भाव ठरतो तशीच ती झाली. पहिल्यांदा ते म्हणाले की यंदा तुला उभं राहायला सांगणार नाही. सरजाबाई म्हणाल्या की मी बसले तरी लोक वळून बघणारच, त्यांना जागा पाठ आहे. मग मामा म्हणाले, नाव घेणार नाही, एक बाई म्हणून सांगतो. सरजाबाईंनी विचारलं की तुम्हाला अजून एक बायको आहे असं मंडळीला वाटावं असं तुमच्या मनात आहे का.  मग मामा म्हणाले की तांब्याचा भाग गाळतो, नुसते तोडे सांगतो.

या वेळेपर्यंत विशाखा भाकरी झाकून वर आली होती आणि जिन्याच्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मी होस्टेलात होते तवा पोरी मला काय म्हणायच्या म्हाईत हाय का? तांब्यावाल्याची विशाखा. पाण्याच्या रांगेत मला तांब्या देऊन हसायच्या."

"मला कधी बोलली न्हाईस," मामा म्हणाले.

"तुम्ही साक्ष सांगून राहिले होते. मधी कसं बोलावं?"

ती खाली गेली नाही. तिथंच पायरीवर बसली.

मामांनी आपली बाजू मांडली. ते म्हणाले की मी काही लपवून ठेवलं नाही. केलेलं पाप देवापुढं कबूल केलं, सगळ्या मंडळीपुढं कबूल केलं, सदतीस वेळा कबूल केलं. एवढं कोण करतं?

सरजाबाईंनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. "देवाला सांगितलं. मंडळीला सांगितलं. मला कवा सांगितलं?"

"तू तिथंच होतीस की."

"हाव," सरजाबाई म्हणाल्या. "मी तिथं उभी होते."

 खालून भाजीवाला ओरडत गेला. मामा हिशेब करत होते, पण यात कुठल्या बाजूनं धरावं ते त्यांना कळेना. बारा मिनिटं माईकवर जे न अडखळता येत होतं ते इथे येईना. इथे तर एकच माणूस ऐकायला होतं, पायरीवरची विशाखा धरली तर दोन.

शेवटी ते म्हणाले, "सरजा, मी तुला मारलं."

"हाव."

"तू तापानं पडली होतीस आन् मी तुला..."

"ताप न्हवता मला."

मामांनी वर बघितलं.

"ताप न्हवता," सरजाबाई पुन्हा म्हणाल्या. डाळीतला खडा काढावा इतक्याच आवाजात. "मी पोरीला पाजत होते. ही मांडीवर होती. पाय आखडले ते ही पडंल म्हणून. पाणी हिच्याबी अंगावर सांडलं. ताप तुम्ही कवापासून सांगायला लागलाव मला आठवत न्हाई. मला कुणी इचारलं न्हाई, मीबी सांगितलं न्हाई."

विशाखा तेव्हा दोन वर्षांची होती. ती आता एक्केचाळीस वर्षांची होती आणि पायरीवर बसलेली होती. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं. मामांना ताप खरोखर आठवत होता. डोळे मिटले तर गोधडीसकट आठवत होता. त्यांनी डोळे मिटले, आणि गोधडीच्या जागी काय होतं ते त्यांना हळूहळू दिसायला लागलं. त्यांनी डोळे उघडले.

"मला माफ कर," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या बारा मिनिटांत एकदा यायचं, पण तिथं ते पत्र्याच्या छताकडे बघून म्हणायचं होतं.

सरजाबाईंनी चटईची घडी घालायला घेतली. मामा अजून चटईवरच बसलेले होते, म्हणून त्यांना उठावं लागलं. "इचार करून सांगते," सरजाबाई म्हणाल्या.

वर्धापनदिनाला येशील का, असं मामांनी विचारलं. सरजाबाईंनी तेही सांगितलं नाही. त्या इतकंच म्हणाल्या की तुम्ही काय करताव ते तुमचं तुम्ही बघा. मामा जेवले आणि दुपारच्या गाडीनं परत निघाले. विशाखानं सोबत भाकरी आणि ठेचा बांधून दिला. दारात तिनं त्यांच्या पिशवीचा बंद नीट करून दिला.

गाडीत लोह्याच्या पुढं मामांच्या मनात एक वेगळीच गोष्ट झाली. त्यांना बरं वाटायला लागलं. इतकं बरं, की यात काहीतरी असणार हे त्यांनी ओळखलं आणि घरी येईपर्यंत काय आहे ते त्यांना समजलंही. पाळकांनी विचारलेल्या प्रश्नाला आता उत्तर होतं. एकोणचाळीस वर्षांनी नवा बदल झाला होता, तोही असा की जुन्या साक्षीला मागं टाकेल. ताप खोटा निघाला, मांडीवर लेकरू निघालं, बायकोपुढं पहिल्यांदा मान खाली घातली. वर्धापनदिनाला अजून आठ दिवस होते.

त्यांनी दोन फुलस्केप कागदांवर नवी साक्ष लिहून काढली. चांगली झाली होती. शनिवारी चार वाजता त्यांनी खोलीच्या मध्यभागी उभं राहून ती मोठ्यानं वाचली आणि घड्याळ लावलं. नऊ मिनिटं भरली. जुन्या साक्षीपेक्षा तीन मिनिटं कमी आणि जोर जास्त. गच्चीवरचा भाग वाचताना त्यांचाच आवाज भरून आला. तिथं ते सवयीनं थांबले, आणि मंदिरात बायकांच्या बाजूला बघायचे तसं बघितलं. जुन्या साक्षीत त्या ठिकाणी सरजाबाई उभ्या राहायच्या. तिकडे आता भिंत होती.

मग त्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि पेन्सिल घेऊन मोजलं. दोन कागदांत सरजाबाईंचं नाव चौदा वेळा आलं होतं. विशाखाचं चार वेळा. ज्याच्यात बदल झाला म्हणायचं, तो माणूस सगळीकडे 'मी' होता, आणि प्रत्येक ठिकाणी चांगलाच दिसत होता.

त्यांनी कागद फाडले नाहीत. एवढे चांगले झालेले कागद फाडणं त्यांना जमलं नसतं. ते त्यांनी जुन्या वीजबिलांच्या फाइलमध्ये लावले आणि चहा ठेवला.

रविवारी मंदिर भरलं होतं. नांदेडची गाडी यायची वेळ होऊन गेली होती. मामा दुसऱ्या बाकावर बसून बायकांच्या बाजूला बघत नव्हते. चौथ्या क्रमांकाचं भजन चालू असताना त्यांनी एकदा बघितलं. सरजाबाई आल्या होत्या. शेवटून तिसऱ्या बाकावर गुरम्मा नावाच्या देगलूरकडच्या विधवा बाईंच्या शेजारी बसल्या होत्या. पलीकडे विशाखा होती. सरजाबाईंच्या मांडीवर त्यांची बॅग होती, आणि पदर नेहमीसारखा कपाळापर्यंत होता. त्यांनी मामांकडे बघितलं नाही. त्या भजन म्हणत होत्या.

पाचव्या क्रमांकाला बाहेरगावच्या पाहुण्यांचं स्वागत झालं. मग रविकिरण पाळकांनी सहावी ओळ वाचली. दयानंदमामा उठले. पुढे जाऊन माईकसमोर उभे राहिले. मागं संगप्पांनी मांडी बदलली. नव्या आलेल्या दोन-चार माणसांनी, कोणीतरी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे, सरजाबाई कुठे बसल्या आहेत ते शोधायला सुरुवात केली.

मामा म्हणाले, "मंडळी, सलाम. माझी साक्ष तुम्हाला पाठ हाय. त्यातली एक गोष्ट खोटी होती, ती मी परत सांगणार न्हाई. खरी होती तीबी सांगणार न्हाई. मला वाटलं होतं माझं बदलायचं उरकलं. उरकलं न्हाई. एवढंच."

ते जागेवर जाऊन बसले.

मंदिरात जी शांतता झाली ती पंच्याऐंशीच्या गोष्टीनं कधी झाली नव्हती, कारण त्या गोष्टीत पुढं काय येणार ते सगळ्यांना ठाऊक असायचं. 'आमेन' कुठे म्हणायचं ते कोणाला कळेना. एकानं म्हटलं आणि तो एकटाच पडला. तबलेवाल्यानं सातव्या क्रमांकाचं भजन समजून तबल्यावर हात ठेवला होता, तो परत घेतला. कार्यक्रमात जवळजवळ बारा मिनिटं मोकळी पडली होती, आणि या मंडळीच्या वर्धापनदिनात तेवढी मोकळी जागा कोणी पाहिली नव्हती.

रविकिरण पाळकांनी विचारलं की दुसऱ्या कोणाला काही सांगायचं आहे का.

कोणी उठत नाही असं बघून पाळक पुढं सरकणार तेवढ्यात गुरम्मा उठल्या. त्या या मंडळीत सव्वीस वर्षं येत होत्या आणि आजवर स्वयंपाकाच्या भांड्यांशिवाय कशाबद्दलही बोलल्या नव्हत्या. माईकपाशी त्या गेल्या नाहीत. जागेवरूनच, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी असं त्या बोलल्या. सख्ख्या बहिणीशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात त्या देगलूरला गेल्या. बहिणीनं दार उघडलं नाही. त्या ओसरीवर दुपारभर बसल्या आणि परत आल्या. आता होळीनंतर पुन्हा जाणार आहेत. एवढं सांगून त्या बसल्या. त्यांच्या साक्षीला शेवट आला नाही, कारण ती गोष्ट अजून संपलेलीच नव्हती. दयानंदमामांनी मान वळवून ती सगळी ऐकली. दुसऱ्याची साक्ष ऐकताना आपल्या पाळीचा विचार मनात नाही, असं त्यांच्या बाबतीत वर्धापनदिनाला पहिल्यांदाच होत होतं.

उपासना संपल्यावर मागच्या अंगणात प्रीतिभोजन होतं. पुरुषांची रांग आधी लागली. संगप्पा मामांच्या मागं होते. ते म्हणाले, "काय मामा, साक्ष गेली. आता पुढल्या वर्षी पत्रिकेत तुमचं नाव कुठं छापावं?" मामा म्हणाले, भांडी घासणाऱ्यांत छापा. संगप्पांना हा विनोद वाटला. मामांनी तो विनोद म्हणून सांगितला होता की नाही ते नंतर, भांडी घासायच्या वेळेला, कळलं.

भात वाढायला सरजाबाई होत्या. मामांची पाळी आली. त्यांनी ताट पुढं केलं आणि हळूच विचारलं, "इचार झाला का?"

"न्हाई अजून. चालू हाय."

"किती दिवस लागतील?"

सरजाबाईंनी भाताचा डाव ताटात रिकामा केला आणि अजून थोडा घातला. "तुम्हाला इचारायला एकोणचाळीस वर्षं लागली. मला काय घाई हाय?"

मामांनी मान हलवली. आकडा बरोबर होता. ते अडुसष्टाव्या वर्षात होते, सरजाबाई एकसष्टच्या. तेवढा वेळ काही मिळायचा नव्हता, पण आपण त्यावर काही बोलावं असं त्यांना वाटलं नाही.

"जाताना बॅग घेऊन जावा," सरजाबाई म्हणाल्या. "बाकावर ठेवली हाय. मी भांडी झाल्यावर येते."

"नांदेडला की घरला?"

"घरला. पुढं बघा, लोक थांबलेत."

मामा पुढं सरकले. मागं संगप्पा ताट घेऊन उभेच होते.